वाघनखें आणि लाकडी वाघ



सन २०२४ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें तीन वर्षांच्या बोलीनें साताऱ्यास आलीं. तीं पाहावयास मी नातवास घेऊन गेलों होतों. बाहेर पडतांच त्यानें विचारिलें, "आजोबा, आपलींच आहेत तर उसनीं कां आणलीं?" तीसपस्तीस वर्षें वर्गांत उत्तरें देत आलेल्या मला त्या वेळीं कांहीं सुचलें नाहीं. आज तें उत्तर देऊन पाहतों.

हीं नखें लुटीच्या गोणींत गेलेलीं नव्हत. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याजकडे तीं आलीं, आणि पुढें त्याच्या वंशजानें संग्रहालयास दिलीं. सोबतच्या पेटीवर लेख आहे तो असा कीं, याच नखांनीं शिवाजी महाराजांनीं मोगल सेनापतीस मारिलें, आणि पेशव्यांच्या प्रधानानें तीं ग्रँट डफ यास दिलीं. आतां अफझलखान होता विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार! त्यास मोगल म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे मीं गुण कापले असते. १६५९ चीं नखें हींच, असें खुद्द संग्रहालयहि छातीठोकपणें सांगत नाहीं.

मग ही देणगीच समजावयाची काय? १८१८ च्या जूनमध्यें दुसरा बाजीराव इंग्रजांस शरण गेला व त्याची रवानगी ब्रह्मावर्तास झाली. धन्याचें राज्य बुडाल्यावर सेवकानें जेत्याच्या हातीं कांहीं ठेविलें, तर त्यास भेट म्हणतां येईल. परंतु 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक त्यास कितीशी होती? या प्रश्नाचा निकाल कागदपत्रांवरून लागावयाचा नाहीं. म्हणूनच आपला सारा दावा या नखांवर उभारूं नये, असें मला वाटतें.

त्याच संग्रहालयांत दुसरा एक वाघ आहे. टिपू सुलतानाचा हा लाकडी वाघ एका गोऱ्या माणसाच्या उरावर बसला आहे. दांडा फिरविला कीं त्याच्या पोटांतील यंत्रांतून वाघाची गुरगुर व माणसाचें कण्हणें ऐकूं येई. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें, टिपू लढतां लढतां मारला गेला, आणि कंपनीच्या फौजेनें शहर लुटलें. त्या लुटींतून हा वाघ लंडनास पोहोंचला. येथें शंकेस जागाच नाहीं! परतीची मागणी करावयाची तर ती अशा वस्तूंपासून करावी.

यावर तिकडचे लोक १९८३ सालचा आपला कायदा दाखवितात. संग्रहांतील वस्तु देऊन टाकण्यास तो विश्वस्तांचे हात बांधतो. पण कायदा कांहीं ब्रह्मलिखित नव्हे. १८९७ मध्यें इंग्रजांनीं आफ्रिकेंतील बेनिन शहर लुटलें. तेथील कितीतरी पितळी शिल्पें विकत घेतलेल्या जर्मनीनें २०२२ मध्यें त्यांची मालकी नायजेरियाच्या नांवें करून दिली. विकत घेणाऱ्यास जें उमगलें तें लुटणाऱ्यास अवघड कां जावें?

"परत दिल्यास तुम्ही सांभाळाल काय?" असेंहि विचारतात. या प्रश्नाचा मला राग येतो. धन्यास त्याच्या घराची झडती देण्याचें कारण नाहीं. तरी एक गोष्ट बोचते. आमच्या गांवच्या पाणवठ्यावर एक वीरगळ आहे, आणि त्यावर माझ्या लहानपणापासून धुणें धुतात. नातवास मीं तो अजून दाखविलेला नाहीं.