इंजिनाची थरथर केबिनपर्यंत कशी पोचते?

शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली की आपल्या फडताळातली भांडी वाजतात ना? विमानातही तसंच.

आपल्या निरवांगीजवळ, बारामतीच्या विमानतळावर वैमानिक घडतात. सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानाचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतं, तेव्हा सेकंदाला ८० स्फोट होतात. हे हादरे सांगाड्यातून केबिनपर्यंत येतात. ते अडवायला मध्ये रबरी माउंट असतात. रबर फार मऊ असलं तर इंजिन डुलतं; उष्णतेनं, वयानं कडक झालं तर थरथर थेट पत्र्यात उतरते, हळूहळू तडे जातात.

म्हणून थरथर वाढली की नुसता हेडफोन चढवून भागत नाही. आधी माउंट बघायचे!