काळे कासारांच्या आधी कसे?

गंगापूरच्या आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी मेळावा ठरला आणि नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या हजेरीपटांवरून आम्ही चौघांनी नावं टाइप केली. एका ओळीत एक नाव, आडनाव आधी. यादी अकारविल्हे लावायला कमांडच्या खिडकीत एकच शब्द पुरतो : सॉर्ट. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ही आज्ञा आहे. भलीमोठी फाइल ती उत्तरपत्रिकांसारखी लावते. आधी लहान गठ्ठे लावायचे, मग प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं पान पाहत ते एकत्र करायचे.

क्षणात लागलेली यादी घेऊन मी आमच्या निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी लगेच बोट ठेवलं. "काळे कासारांच्या आधी कसे? आणि क्षीरसागर क मध्ये कसे आले?"

गुरुजींचं बरोबर होतं. संगणक अक्षर ओळखत नाही, त्याचा क्रमांक ओळखतो. हे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड या प्रमाणात बहुतेक प्रमुख भारतीय लिप्यांतली सारखी अक्षरं सारख्या जागी बसवली आहेत. त्यामुळे ळ आला ल आणि व यांच्या मध्ये. क्ष ला तर स्वतंत्र जागाच नाही. तो क, हलन्ताची खूण आणि ष असा तुकड्यांनी लिहिला जातो. आपण मात्र शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं शिकलो. युनिकोडच्याच भाषावार नियमसंग्रहात मराठीसाठी हा क्रम आहे, पण साधी आज्ञा देताना मी तो वापरलाच नव्हता.

म्हणून पायथॉन या संगणकभाषेत छोटं साधन लिहिलं. प्रत्येक अक्षराला आपल्या वर्णमालेतला क्रमांक दिला. क दिसला की पुढे ष जोडलेला आहे का ते आधी पाहायचं, मगच क मोजायचा. नावं जशीच्या तशी राहतात, तुलना फक्त क्रमांकांची होते.

तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. कुऱ्हाडे हे नाव दोघांनी दोन प्रकारे टाइप केलं होतं. एकाने ऱ हे तयार अक्षर घेतलं, दुसऱ्याने र ला हलन्त देऊन न दिसणारी जोडखूण टाकली. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण यंत्राला दोन वेगळी माणसं! आता लावण्याआधी आमचं साधन दोन्ही लेखनं एकसारखी करून घेतं.

श्रोतेहो, ग्रंथालयाची दाखलनोंद असो की बचत गटाची यादी, संगणकाने लावून दिली की त्यातला ळ कुठे बसलाय ते एकदा पाहा. वर्णमालेचा क्रम आपला आहे. यंत्राला तो आपणच सांगायला हवा.

नवी यादी मी गुरुजींना दिली. कावळे, काशीद, कासार, काळे... हजेरी घ्यावी तशी त्यांनी ती सलग वाचत नेली. शेवटी हिवाळेंच्या खाली क्षीरसागर आले, तेव्हाच त्यांनी चष्मा काढला.