विश्वासाचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचे खजिनदारपद आम्ही स्वीकारावे, असा ठराव कार्यकारिणीने आज आपल्यापुढे ठेवला आहे. केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या सोबतीत काढलेल्या शिक्षकावर मंडळाने एवढा लोभ करावा, याचा आम्हांस संकोच वाटतो. परंतु होकार देण्यापूर्वी एक गोष्ट सांगण्याची अनुज्ञा असावी. गोष्ट विलायतेतील आहे, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तरी ती आपणांस परकी वाटणार नाही.

जेबेझ बाल्फोर हा गृहस्थ १८४३ साली लंडनमध्ये जन्मला. त्याची आई क्लारा ही मद्यपाननिषेधाच्या कार्यात नावाजलेली लेखिका व व्याख्याती होती. घरात धर्मनिष्ठा होती आणि आईचे नाव सज्जनांच्या तोंडी होते. हीच पुण्याई बाल्फोरचे पहिले भांडवल ठरली.

१८६८ साली त्याने ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता, या नावाची घरबांधणी संस्था स्थापन केली. बेताच्या मिळकतीच्या माणसांनी शिल्लक ठेव म्हणून द्यावी, संस्थेने ती घर घेऊ इच्छिणाऱ्यांस कर्जाऊ द्यावी आणि भाडेकऱ्यास घरमालक करावे, असा तिचा हेतू होता. हेतू उत्तमच होता. पण ठेवी गोळा कशा झाल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्लंडात सरकारी चर्चपासून अलग असलेले अनेक धर्मपंथ आहेत. त्या काळी त्यांतील माणसे आपापल्या मंडळीत एकजुटीने राहत, एकमेकांस ओळखत आणि आपल्या माणसाचा शब्द प्रमाण मानीत. त्यांच्या धर्मोपदेशकांनाच बाल्फोरने संस्थेचे प्रतिनिधी नेमले आणि आणलेल्या ठेवीवर दलाली दिली. प्रवचन करणारा गुरूच ठेव ठेवावयास सांगू लागल्यावर कोण शंका घेणार? विधवा, अविवाहित स्त्रिया, निवृत्त कारकून, हातावर पोट असलेले कारागीर, सर्वांनी आपली पुंजी आणून दिली. थोड्याच वर्षांत ‘लिबरेटर’ ही त्या देशातील सर्वांत मोठी घरबांधणी संस्था झाली.

पैशामागून मान आला. १८८० साली बाल्फोर पार्लमेंटात निवडून गेला. १८८३ साली लंडनजवळच्या क्रॉयडन शहरास नगरपालिकेची सनद मिळाली, तेव्हा पहिला महापौर होण्याचा मान त्यालाच मिळाला आणि पुढील वर्षीही तोच त्या खुर्चीवर बसला. महापौराची खुर्ची पाहून ठेवी आणखी वाढल्या. वस्तुतः नगराचा कारभार नीट चालविणे आणि लोकांची ठेव नीट सांभाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण आपण साधी माणसे एका ठिकाणचा मान पाहून दुसऱ्या ठिकाणी विश्वास टाकतो.

आत काय चालले होते? संस्थेचा पैसा घर घेणाऱ्या गरिबाकडे न जाता बहुतांशी बाल्फोर व त्याच्या मित्रांच्याच इतर कंपन्यांकडे जात होता. एका कंपनीने जमीन घ्यावी, ती आपल्याच दुसऱ्या कंपनीस चढ्या दराने विकावी, आणि झालेला ‘नफा’ वहीत मांडून त्यावर लाभांश वाटावा, असा खेळ चालला होता. एका खिशातील नाणे दुसऱ्या खिशात टाकून मिळकत वाढल्याचा आनंद मानावा, तसाच हा प्रकार. लाभांश वेळेवर मिळत असल्याने कोणी वही मागितली नाही.

एका माणसाने मात्र वही पाहिली होती, आणि आमच्या मते या साऱ्या कथेचे मर्म तेथेच आहे. बाल्फोरच्या समूहात ‘लंडन अँड जनरल’ नावाची बँक होती. १८९२ च्या आरंभी तिच्या हिशेबतपासनिसाने परिस्थिती गंभीर असल्याचे संचालकांस स्वतंत्रपणे लिहून कळविले. पण भागधारकांपुढे जे प्रमाणपत्र जावयाचे, त्यातील या विशेष अहवालाचा उल्लेख त्याने बाल्फोरच्या आग्रहावरून गाळला. ताळेबंदातील मालमत्तेची किंमत ती वसूल होण्यावर अवलंबून आहे, एवढेच मोघम वाक्य त्यात उरले. त्याच वर्षी सप्टेंबरात ती बँक बंद पडली आणि तिच्यामागोमाग ‘लिबरेटर’ही कोसळली. सर्व कंपन्यांचे देणे ७० लाख पौंडांहून अधिक होते. हजारो कुटुंबे उघड्यावर आली. नाडलेल्यांसाठी मदतनिधी जमवावा लागला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. बाल्फोर अर्जेंटिनात पळाला. पोलिसांनी त्यास १८९५ साली पकडून परत आणले आणि न्यायालयाने चौदा वर्षांची सक्तमजुरी दिली. १९०६ साली तो सुटला आणि १९१६ साली आगगाडीच्या डब्यात त्याचा अंत झाला. हिशेबतपासनिसाच्या खटल्यात मात्र न्यायालयाने एक मोलाचा निर्णय १८९५ साली दिला. हिशेब तपासणाऱ्याचे कर्तव्य संचालकांशी नसून ज्यांचा पैसा आहे त्या भागधारकांशी आहे. त्यांस केवळ चौकशीची वाट दाखवून भागत नाही, सत्य सांगावे लागते. त्याआधीच, १८९४ साली, घरबांधणी संस्थांचे हिशेब कसे तपासावेत व काय जाहीर करावे याविषयी नवा कायदाही झाला होता. पण गेलेला पैसा कायद्याने थोडाच परत येतो?

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आम्ही ग्रंथ वाचून केवळ माहितीसाठी सांगत नाही. तिच्यातील एक भूमिका आम्ही स्वतः वठविली आहे, आणि ती बाल्फोरची नव्हे, त्या धर्मोपदेशकांची.

२००९ सालची गोष्ट. आमच्या गावात ठेवी घेणारी एक संस्था होती. तिचे चालक नगरपालिकेत मानाच्या जागी होते आणि आमच्या शाळेच्या प्रत्येक समारंभास देणगी देत. संस्थेच्या वार्षिकोत्सवात त्यांनी आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्यानंतर आमच्या आळीतील एका विधवा भगिनीने विचारले, “गुरुजी, पैसे तिथं ठेवू का?” त्यांच्या यजमानांच्या निधनानंतर मिळालेली ती रक्कम होती. आम्ही म्हणालो, “निर्धास्त ठेवा, ताई. माणूस आपल्या माहितीतला आहे.” त्या संस्थेचा ताळेबंद आम्ही कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दोन वर्षांनी संस्थेस टाळे लागले. त्या ताईंनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. वाटेत भेटल्या की “बरे आहात ना, गुरुजी?” एवढेच विचारीत. तो प्रश्न आम्हांस कोणत्याही शिव्याशापांहून जड जाई. दरमहा निवृत्तिवेतनातून जमेल तेवढी रक्कम आम्ही त्यांस नेऊन देऊ लागलो. आरंभी त्या घेत नसत. पूर्ण फेड अद्याप झालेली नाही.

आम्ही दलाली घेतली नव्हती, असे मनास पुष्कळ समजाविले. पण ती शाल ही दलालीच होती, हे आज आपल्यासमोर कबूल करतो.

म्हणून आमची विनंती अशी आहे. खजिनदारपद आम्ही स्वीकारू, पण तीन अटींवर. निधीचा जमाखर्च दरवर्षी याच स्मरणिकेत पै-पैसह छापावा. हिशेबतपासनीस मंडळाबाहेरचा असावा व त्याचा अहवाल एकही वाक्य न गाळता सभेत वाचावा. आणि कोणाही सभासदाने, मग तो कालचा विद्यार्थी का असेना, वही पाहावयास मागितली तर त्यात आमचा अपमान झाला असे कोणी मानू नये. “गुरुजींवर विश्वास नाही का?” असे त्यास कोणी विचारू नये. विश्वास आहे म्हणूनच हिशेब पाहावयाचा असतो. देवघरातील समईसुद्धा आपण रोज पुसतो, ती तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे.

या अटी मान्य असतील तर आपली आज्ञा आम्हांस शिरोधार्य आहे.