नाव बदललं की उत्तर बदलतं का? मोजून पाहूया

(युवा अभ्यासशिबिरातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



भाड्याचं घर शोधताना आधी "हो, फ्लॅट आहे" आणि नाव सांगितल्यावर "अरे, कालच गेला" असं ऐकलेले आपल्यात किती जण आहेत? हात वर करा. बघा, शेवटच्या रांगेपर्यंत हात वर आहेत. माझाही आहे.

हेच आपण ऑफिसात डबा खाताना सांगितलं, तर समोरचा म्हणतो, "तुला तसं वाटलं असेल, घर खरंच गेलं असेल." एका प्रसंगापुरतं त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. डबा संपतो, वाद संपत नाही. असे प्रश्न मोजून सोडवण्याच्या पद्धती समाजशास्त्रात आहेत. आज व्यवहार मोबाइलवर आले आहेत, त्यामुळे त्या पद्धतीही तिथे पोचल्या आहेत. मी इंजिनिअर आहे. चार वर्षांच्या पदवीत मला कोड शिकवला, पण माणसांबद्दलचा प्रश्न कसा विचारायचा हे कोणी शिकवलं नाही. ते मी नंतर वाचून शिकलो. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

पहिली पद्धत जोडीच्या अर्जांची. शिक्षण, अनुभव, भाषा सगळं सारखं ठेवायचं, फक्त नाव बदलायचं. कोणत्या जाहिरातीला कोणता अर्ज जाईल किंवा कोणता आधी जाईल, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे आपला कल मध्ये येत नाही. असे शेकडो अर्ज पाठवले की उत्तरांतला फरक योगायोगाचा आहे की नावामुळे पडला, हे गणिताने सांगता येतं. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही ए/बी टेस्ट म्हणतो. बटण हिरवं ठेवलं तर जास्त लोक दाबतात की निळं, हे कंपन्या रोज असंच तपासतात. बटणासाठी चालणारी पद्धत माणसाच्या हक्कासाठीही चालते.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींवर हे केलं. २००७ मध्ये त्यांचा लेख 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं कमी आलं. पुढे हीच पद्धत संकेतस्थळांवर गेली. लेडबाय फाउंडेशनने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'हबीबा अली' आणि 'प्रियांका शर्मा' या दोन काल्पनिक मुलींचे तोडीस तोड बायोडेटा १,००० नोकऱ्यांसाठी पाठवले. प्रियांकाला २०८ सकारात्मक उत्तरं आली, हबीबाला १०३.

घराचंही असंच. २०१५ मध्ये सौगातो दत्ता आणि विक्रम पठाणिया यांनी दिल्ली आणि आसपासच्या ६८१ घरमालकांना घरांच्या एका मोठ्या संकेतस्थळावरून काल्पनिक नावांनी विचारणा केली. उच्चवर्णीय हिंदू नावाला शंभरातल्या साधारण ३५ मालकांनी प्रतिसाद दिला, मुस्लिम नावाला २२ जणांनी. म्हणजे दहा फोन यावेत म्हणून एकाला २९ ठिकाणी विचारावं लागतं, दुसऱ्याला ४५ ठिकाणी. पुढच्या वेळी डबा खाताना हा आकडा सांगा.

पण आकडा सांगताना त्याची हद्दही सांगा. याच अभ्यासात दलित आणि ओबीसी नावांबाबत असा ठळक फरक दिसला नाही. यावरून त्यांना घर सहज मिळतं असं म्हणता येईल का? नाही. मोजला होता तो फक्त पहिला प्रतिसाद. घर बघायला गेल्यावर, स्वयंपाकात काय शिजतं हे विचारल्यावर काय होतं, ते या पद्धतीत दिसतच नाही. त्यासाठी माणसांपाशी बसून बोलावं लागतं. मुलाखत ही जुनी पद्धत, पण तिला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न आपल्याबद्दल पसरणाऱ्या मजकुराचा. पुण्यजॉय साहा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या राजकारणावरच्या हजारो सार्वजनिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचा अभ्यास २०२१ मध्ये मांडला. त्यांनी द्वेषापेक्षा भीतीकडे लक्ष दिलं. 'ते आपल्याला संपवणार आहेत' अशा धर्तीच्या संदेशांत शिवी नसते, भाषा सभ्य असते. त्यामुळे शिवीगाळ पकडणारं सॉफ्टवेअर त्यांना सोडून देतं, आणि ते पसरतात मात्र जास्त वेगाने.

मराठीत ही अडचण आणखी मोठी आहे. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीटचा 'महाहेट' हा संच तयार केला, ते मोलाचं काम आहे. पण 'शांतिदूत' हा शब्द घ्या. शब्दकोशात तो गोड आहे. समाजमाध्यमांवर तो कोणासाठी आणि कोणत्या सुरात वापरतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यंत्राला ते माहीत नाही. यंत्र शिकतं ते माणसांनी लावलेल्या खुणांवरून. एकच मजकूर दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे वाचून खूण करायची आणि त्यांचं किती जुळतं हे तपासायचं, अशी ती पद्धत. खुणा करणाऱ्यांत ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते नसतील, तर यंत्र कायम अर्धवट शिकेल. तुमची मराठी, तुमची दखनी, तुमचा अनुभव तिथे कामाचा आहे.

आता दरवाजे बंद होत आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये माहितीचा मोफत मार्ग बंद केला. फेसबुकवरच्या सार्वजनिक मजकुराचा माग काढणारं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. म्हणून संशोधक 'माहितीदान' या पद्धतीकडे वळले आहेत. बरीच मोठी अ‍ॅप तुमचीच माहिती तुम्हाला उतरवून घेऊ देतात. ती लोकांनी स्वखुशीने, काय देतोय हे समजून अभ्यासाला द्यायची.

इथे सावध राहा. ग्रुपमधले संदेश एकट्या तुमचे नसतात. बाकीच्यांची नावं, नंबर, फोटो काढून टाकल्याशिवाय काही साठवू नका. पकडलेल्या घरमालकाचं नाव जाहीर करणं हे संशोधन नव्हे. आपल्याला माणूस नाही, पद्धत दाखवायची आहे. असा प्रयोग एकट्याने करू नका. विद्यापीठातल्या समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या शिक्षकांना सोबत घ्या, आराखडा आधी लिहा, तो तपासून घ्या.

आणि ही फूटपट्टी आपल्या घरातही लावा. आपल्या विवाहजुळणीच्या ग्रुपांवर किती स्थळं बिरादरीची अट घालतात? मोहल्ल्याच्या ग्रुपमध्ये मुलीने विचारलेल्या प्रश्नाला किती उत्तरं येतात आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाला किती? इथे नाव बदललं की काय बदलतं, हेही मोजावं लागेल. आपल्याला नको असलेलं उत्तर आलं तरी ते छापायची तयारी असेल, तरच आपले बाकीचे आकडे लोक खरे मानतील.

सुरुवात लहान करा. पाच जणांचा गट, एकच प्रश्न, एक वही. प्रश्न इतका नेमका लिहा की त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. तसा प्रश्न लिहिता आला, तर पुढच्या गणिताला आणि कोडला मी मदत करीन. शिबिर संपायच्या आत प्रत्येक गटाने एक प्रश्न मला आणून द्यावा, एवढीच विनंती.