डीव्हीडीत चित्र आहे, आवाज कुठे गेला?

आजोबा गेल्यावर आजी म्हणाली, "त्यांचा मोबाइलमधला व्हिडिओ टीव्हीवर लावून दे रे." तिला फक्त जुना डीव्हीडी प्लेअर लावता येतो. मी रात्री बसून डिस्क बनवली, दुसऱ्या दिवशी नेऊन लावली. आजोबा दिसले, ओठ हलले, आवाज मात्र नाही. आजी म्हणाली, "हे बोलत का नाहीत?"

चूक माझीच. मोबाइलच्या व्हिडिओत ऑडिओ बहुतेक वेळा एएसी असतो. लॅपटॉपला तो चालतो, पण डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमात एएसी बसत नाही. तिथे एसी-3, एमपी2 किंवा पीसीएम लागतो, तोही 48 किलोहर्ट्झचा. मी चित्र एमपेग-2 केलं आणि ऑडिओ तसाच कॉपी केला. तपासली ती लॅपटॉपवरची फाइल, डिस्क नाहीच!

मग एफएफएमपेगमध्ये 'पाल-डीव्हीडी' हे टार्गेट दिलं. त्याने ऑडिओ आपोआप एसी-3, 48 किलोहर्ट्झ केला. या वेळी आधी रीरायटेबल डिस्कवर बर्न करून आजीच्याच प्लेअरवर लावून बघितलं.

आजोबा बोलले. आजीने रिमोट घेऊन आवाज वाढवला.

तर मंडळी, जिथे बघायचंय तिथेच तपासा. भेटू पुढच्या भागात!