वेश्याव्यवसाय आणि कायदा

वेश्याव्यवसायास कायद्याची मान्यता देऊन त्यावर सरकारी नियंत्रण ठेवावें काय, याचें उत्तर देण्यापूर्वीं श्रोत्यांनीं एक जुना प्रयोग आठवावा. सैनिक व खलाशी यांचें आरोग्य राखण्याच्या हेतूनें इंग्रज सरकारनें इ. स. १८६८ सालीं सांसर्गिक रोगांचा कायदा केला. पुढें तो मुंबईसही लागू झाला. वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी होऊं लागली. रोगी ठरलेल्या स्त्रीस इस्पितळांत डांबीत. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषास मात्र कोणी तपासीत नसे. मग रोग हटावा कसा? स्त्रिया नोंदणी टाळूं लागल्या, आणि १८८८ सालीं तो कायदा रद्द झाला.

१९५६ च्या कायद्यानें कुंटणखाना चालविणें व वेश्येच्या कमाईवर जगणें हे गुन्हे ठरविले. प्रौढ स्त्रीचा स्वेच्छेचा देहविक्रय हा गुन्हा नव्हे. तथापि सार्वजनिक जागीं गिऱ्हाईक बोलाविल्यास शिक्षा तिलाच होते. या स्त्रियांस सन्मानानें वागवावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं पोलिसांस दिला.

तेव्हां नियंत्रण आणावयाचेंच, तर तें आधीं दलालावर यावें, आणि स्त्रीस औषधोपचार, फिर्यादीचा हक्क व धंदा सोडण्याची वाट मिळावी. नुसतें तिचें नांव वहींत चढविल्यानें सोय होईल ती गिऱ्हाइकाची.