गहाण-कर्जाचा अर्ज परिपूर्ण हवा
(धरणगाव येथील भाषण)



विहीर खणण्याचे काम उन्हाळ्यातच होते. जमीन गहाण ठेवून घेतलेले कर्ज मृग नक्षत्रानंतर हाती आले, तर हंगाम वाया जातो आणि गरजू शेतकरी सावकाराच्या दारी जातो. म्हणून अर्ज पहिल्याच खेपेस परिपूर्ण असला पाहिजे.

पूर्वी भूविकास बँका अशी दीर्घ मुदतीची कर्जे देत. त्या बंद करण्याचा निर्णय शासनाने २०१५ साली घेतला. बँक बदलली तरी कसोटी तीच राहिली : जमीन कोणाची आणि तिच्यावर पूर्वीचा बोजा किती? याचे उत्तर सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांतून मिळते.

मोठी अडचण येते ती मयत खातेदाराच्या नावामुळे. वडील वारले, पण वारसनोंद झाली नाही, तर जमीन कसणारा मुलगा कागदोपत्री खातेदार ठरत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावयाचे असते. पुढे नोटीस, हरकती व नोंदीचे प्रमाणन यांस वेळ लागतो. विधवा व मुली यांची नावे वगळल्यास गहाणखतच वादात सापडते.

ग्रामपंचायतीने मृत्यूचा दाखला देतानाच वारसनोंदीची आठवण द्यावी. शिक्षकांनी अर्ज वाचून दाखवावा. अधिकाऱ्यांनी सर्व उणिवा एकदाच व लेखी कळवाव्यात. तुकड्यातुकड्याने मागितलेले कागद शेतकऱ्याचा हंगाम खातात, याचे भान आपण सर्वांनी ठेवावे, एवढीच विनंती.